आवडाबाईची साक्ष

आवडाबाई उजागरे नगरकडची. लग्न होऊन ठाण्यात आली, नवरा वारल्यावर खोपटच्या एका पोळीभाजी केंद्रात चपात्या लाटू लागली. चर्चच्या मंडळीत ती ‘आमची गरजू भगिनी’ म्हणून ओळखली जाई. दर नाताळाला तिला स्टेजवर बोलावत, हातात ब्लँकेट देत आणि फोटो काढत. ठाण्यात थंडी पडो न पडो, ब्लँकेट ठरलेलं. घरात त्यांची एवढी चळत झाली होती, की पाहुणा आला तर त्यावरच बसे.

गेल्या उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर चढलं, लाटणं सुटलं. वेणी कोण घालणार, भाकरी कोण थापणार? ती माजिवड्याला धनेश साळव्यांच्या टॉवरमध्ये गेली. धनेश म्हणजे मंडळीच्या दया समितीचा अध्यक्ष.

“कुणी बाई सकाळची घटकाभर येईल का रे बाबा? चूल पेटवून गेली तरी पुरे.”

“मावशी, प्रभू आकाशातल्या पाखरांनाही उपाशी ठेवत नाही,” धनेश एसीच्या गारव्यात हळवा झाला. “विषय मीटिंगमध्ये घेतो.”

मीटिंग झाली. समोसे झाले. आवडाबाईसाठी प्रार्थना तर अशी झाली, की समितीतल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि रविवारी समिती तिच्या दारात उभी राहिली. ऐन मे महिन्यात, ब्लँकेट घेऊन.

तिची चूल मात्र शेजारची रखमाबाई पेटवत होती. सोमवारचा कडक उपास धरणारी ही कोकणी बाई रोज भाकरी थापून आणी, आवडाबाईचे केस विंचरी आणि विंचरताना तिला शिव्याही घाली. “हात मोडलाय, तोंड नाय मोडलंय! हाक मारायला काय झालं होतं गं तुला?”

प्लास्टर निघालं तसं पाळकसाहेबांनी उपासनेत आवडाबाईला साक्ष द्यायला उभं केलं. “देवाने मंडळीच्या हातून आपली कशी काळजी घेतली, ते सांगा.”

आवडाबाईने माईक धरला. खोटं बोलायची जागा ती नव्हती.

“देवानं काळजी घेतली, हे सोळा आणे खरं. त्यानं रखमाबाईला धाडलं. ती तर त्याला वळखतबी न्हाई, तरी त्याचं ऐकलं. समितीला त्यानं काय सांगितलं व्हतं, ते समितीनं आठवून बघावं. आन् पाखरांचं म्हणाल, तर त्यांना कुणी दाणे टाकून फोटो काढत न्हाई.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं. धनेशला गाण्याचं पानच सापडेना.

त्या आठवड्यातच समितीने ठराव केला, की आवडाबाई आता सावरली आहे, सबब तिला गरजूंतून वगळावं. गरिबी अशी बसल्याजागी हटवायला सरकारलाही जमलेलं नाही.

आवडाबाईला वाईट वाटलं. आपल्याच माणसांना चारचौघांत बोललो, हे तिला दोन दिवस टोचत राहिलं. तिसऱ्या दिवशी दारात धनेशची बायको योगिनी उभी, हातात डबा.

“ह्यांना सांगितलेलं नाही,” ती ओशाळून म्हणाली. “तुमचा हात अजून दुखत असेल ना?”

“दुखतो की. ये, बस.” आवडाबाईने झाकण उघडून आमटी चाखली आणि तोंड वाकडं केलं. “मीठ कमी पडलंय गं. उद्या आलीस तर रखमाबाईकडनं शिकून घे.”

योगिनी दुसऱ्या दिवशीही आली.