मामांवर गेली

माझ्या धाकट्या मामांनी हाती घेतलेलं एकही काम पुरं झालेलं आमच्या घोडपदेवच्या चाळीत कुणी पाहिलेलं नाही. एकदा कोथिंबीर आणायला गेले, ते भोईवाड्याच्या कोर्टात कुणा अनोळखी माणसाचा खटला ऐकत बसले आणि कोथिंबीर विसरून सुटलेल्या आरोपीलाच जेवायला घेऊन आले. शेजारच्या काकूंचा पंखा दुरुस्तीला खोलला आणि मधेच एका जुन्या रेडिओत रमले. काकूंनी सबंध मे महिना पुठ्ठ्याने वारा घेत काढला. "वाईच थांब गो, होताच हां!" हे त्यांचं पालुपद. आम्ही पोट धरून हसायचो. हसू थांबायचं ते दारूपाशी. तेवढी एकच गोष्ट मामा तळ दिसेपर्यंत नेत. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा जीव तिनेच घेतला. मामा मरता मरता वाचले, तेव्हापासून अकरा वर्षं थेंब नाही.

माझी ओवी नऊ वर्षांची. एक मोजा घालते आणि दुसरा शोधता शोधता खिडकीत कावळ्यांशी गप्पा मारत बसते. "अगदी मामांवर गेली!" सगळे कौतुकाने म्हणत. शाळेने सुचवलं म्हणून तिला परळला डॉक्टरांकडे नेलं. सोबतीला मामा आले. डॉक्टरबाईंनी ओवीला तपासलं, लक्ष न टिकण्याचा त्रास आहे म्हणाल्या, आणि विचारलं, "घरात कुणाला व्यसन?"

"नाही," मी पटकन म्हणाले.

"खोटा कित्याक सांगतंस?" मामा म्हणाले आणि बाईंकडे वळले. "मी आसंय मां. माझो बापूस पण."

बाई शांतपणे म्हणाल्या, "लक्ष न टिकणं आणि व्यसन, या दोन्हींची काही मुळं एकच असतात, रक्तातून येतात. पण म्हणून व्यसन लागेलच असं नाही. लवकर कळलं, हे चांगलं झालं."

मी त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. समोर ओवी पेन्सिल फिरवत होती आणि मला तिच्या बोटांत आजोबांची थरथर दिसत होती.

जिन्यात मामा थांबले. "माका आळशी म्हणान बापाशीन पट्ट्यान फोडल्यान. ह्येका नाव आसा, तां कोणाक ठावकच नव्हता. तू हिका मारू नको."

आता उपचार चालू आहेत. ओवीच्या अभ्यासाला रोज मामाच बसतात. दोघं दहा मिनिटं लिहितात, मग गॅलरीत एक फेरी, पुन्हा दहा मिनिटं. माझी भीती काही जात नाही. ती मोठी होईल, कुणीतरी ग्लास पुढे करील, मी तिथे नसेन.

परवा मी विचारलं, "मामा, लहानपणी तुमच्याजवळ कुणी असं बसलं असतं तर?"

मामा ओवीच्या वहीकडे बघत हळूच म्हणाले, "काय म्हायत."