पणजीचं माहेर

गोंदियाला माझ्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बैठकीत, सोफ्याच्या वर आमची वंशावळ टांगलेली आहे. चौदा पिढ्या, फ्लेक्सवर छापलेल्या. काही वर्षांआड मध्य प्रदेशातून आमचा भाट येतो, पोथीतून पूर्वज वाचून दाखवतो, जेवतो आणि जातो. त्याच्या म्हणण्यानुसार मूळ पुरुष घोड्यावरून आला. फ्लेक्सवरचा घोडा मात्र छापणाऱ्याने इंटरनेटवरून आणला. चौदा पिढ्यांत बाई एकही नाही. पुरुषांना पुरुष होत गेले.

मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि या घोडेस्वारांवर आपण मागास असल्याचं सिद्ध करायची वेळ आली. जातपडताळणीसाठी पूर्वजाची जुनी सरकारी नोंद हवी होती. ती नाही मिळाली तर मुलीची जागा जाणार. मी आधी फ्लेक्सचा फोटोच घेऊन पडताळणी कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"सर, हे तं राजे लोक हायेत. आमाले मागास पाह्यजे."

आजोबांच्या जन्माची कोतवाल बुकातली नोंद आणा, असं त्याने सांगितलं. पूर्वी गावातले जन्म-मृत्यू कोतवाल नोंदवत असे. बाळाचं नाव बहुधा नसेच. बापाचं नाव आणि जात असे, तेवढ्यावर सरकार समाधानी होतं. आमच्या गावची जुनी पुस्तकं मी पानन् पान पाहिली. आजोबा जन्मलेच नव्हते.

घरी हे सांगितल्यावर बायको वांगी चिरता चिरता म्हणाली, "आजोबा घरातले थोरले होते ना? मंग आपल्या गावात कायले शोधून राह्यले? पहिलं बाळंतपन माहेरी होते."

म्हणजे आता पणजीचं माहेर शोधायचं होतं. भाटाला फोन लावला. "साहब, बहू-बेटी हम नहीं लिखते," तो अभिमानाने म्हणाला. मोठ्या बाबांना विचारलं. "त्या काळी बायांचं कोन लिहून ठेवे?" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मुदत संपत आली तेव्हा मुलगीच त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"मोठे आजोबा, माही सीट जाऊन राह्यली. तुमाले ठाऊक हाय का नाही, एवढंच सांगा."

मोठे बाबा बराच वेळ सिमेंटची जाहिरात लक्ष देऊन पाहत राहिले. मग मला म्हणाले, "गाडी काढ. सालेकसाले जाऊ."

सालेकसाच्या तहसिलात त्यांनी गावाचं नाव इतक्या हळू सांगितलं, की बाबूला दोनदा विचारावं लागलं. गाव दरेकसा. बाबूने पुस्तक काढलं, पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, "मुलगा. बापाची जात बरोबर हाय तुमची. राहणार सासऱ्याकडे. घरजावई. धंदा, नांगर धरणे."

"जोरानं कायले वाचता? लोक आयकून राह्यले!" मोठे बाबा म्हणाले.

मागे सातबाऱ्यासाठी दोघे उभे होते. एक जण जांभई देत होता. सासऱ्याच्या घरी नांगर धरणारा आमचा पणजोबा त्याच्या खिजगणतीतही नव्हता. त्याची लाज वाटणारा माणूस सबंध तहसिलात एकच होता, आणि त्याला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं.

प्रमाणित नक्कल मिळाली. तिच्यासोबत वंशावळीचं शपथपत्र लागतं आणि घरातल्या वडीलधाऱ्याने ते खरं म्हणून लिहून द्यावं लागतं. बाहेर झाडाखाली टायपिस्टने ते टाइप केलं. घरजावयापासून खाली माझ्या मुलीपर्यंत पाव पान पुरलं. मोठ्या बाबांनी चष्मा लावून ते वाचलं.

"आन् याच्या वरतं?"

"वरतं सरकारले नाही लागत," टायपिस्ट म्हणाला.

घोडेस्वाराबद्दल शपथ न मागणारं इतकं समंजस सरकार मोठ्या बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं असावं. त्यांनी झरझर सही केली.

परतताना मुलगी मागच्या सीटवर नक्कल वाचत होती. मुलगा, बाप, जात, सासरा, सगळं होतं. बाळंतीण मात्र त्यातही नव्हती.

"मोठे आजोबा, तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

मोठे बाबा आठवू लागले. आमगाव मागे पडलं तरी ते आठवतच होते. शेवटी खिडकीकडे पाहत म्हणाले, "आमी तिले आजीच म्हनत होतो."