केळव्याच्या सहलीनंतर

"सर, ताई गेल्या," एवढंच ताईंच्या वर्गात वाढलेली पिंकी फोनवर बोलली. त्याला आता सव्वा महिना झाला.

सुनंदाताई बोईसरच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. ड्यूटी संपली की कामगारांच्या चाळीत भाड्याने घेतलेल्या खोलीत संध्याकाळचा वर्ग घ्यायच्या. आईबाप पाळीवर असताना पोरं रस्त्यावर भटकू नयेत, एवढाच हेतू. मी पालघरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि मे महिन्यात त्यांच्या सुट्टीच्या वर्गाला जायचो.

अशाच एका मेमध्ये आम्ही तेवीस मुलं टेम्पोतून केळव्याला नेली. समुद्र इतका जवळ असून बहुतेकांनी तो पाहिला नव्हता. ताई मोठ्यांना घेऊन पाण्याकडे गेल्या, लहान आठजण सुरूच्या झाडांखाली माझ्याकडे राहिले. "सर, जागचे हलू नका हं," त्या बजावून गेल्या. मी हललो. चहाच्या टपरीवर ओळखीचं माणूस भेटलं, दहा मिनिटं गेली असतील. परत आलो तर सातच मुलं. नऊ वर्षांची पिंकी नव्हती. भरती चढत होती. ताई साडीसकट कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून हाका मारत होत्या, मी बनात धावत होतो आणि नजर पुन्हा पुन्हा लाटांकडेच जात होती... तासाभराने रस्त्यापलीकडच्या वाडीतून एक म्हातारी ओरडली, "ओ बाय, ही पोरगी तुमची हाय का? पानी मागत आली. काय बोलते ते आमाला कलत नाय!" ताईंनी पिंकीला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. तिचं मनगट धरलं ते टेम्पो बोईसरला पोचेपर्यंत सोडलं नाही.

पिंकी हरवली होती, एवढं मुलांनी घरी सांगितलंच. संध्याकाळी खोलीच्या दारात बापांची गर्दी झाली. पिंकीचे वडील रामशंकर पाळीवरून तसेच आले होते. आत शिरून त्यांनी विचारलं, "बच्ची किसके पास थी?" मी भिंतीला टेकून उभा होतो. मी तोंड उघडणार होतो असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही.

"मेरे पास थी," ताई म्हणाल्या. "गलती मेरी है."

दुसऱ्या दिवशी वर्गाला एकही मूल आलं नाही. मालक खोली रिकामी करा म्हणाला. ताई महिनाभर ड्यूटीनंतर दारोदार फिरल्या, नाही नाही ते ऐकून घेतलं. शेवटी रामशंकरच एका संध्याकाळी पिंकीला सोडायला आले आणि मग हळूहळू बाकीचे. मालकानेही खोलीचा विषय पुन्हा काढला नाही. मी एकदा विचारलं, "ताई, माझं नाव का नाही घेतलंत?" त्या पाटी पुसत होत्या. "घेतलं असतं तर तुम्ही परत आला नसतात. चित्रकलेला दुसरं कोण होतं मला?" त्यांनी मला माफ केलं, असं मात्र कुणी समजू नये. त्यानंतर अकरा वर्षं मी त्या वर्गात होतो, पण नळापर्यंतसुद्धा त्यांनी मुलांना माझ्या एकट्याच्या हवाली केलं नाही.

शोकसभा त्याच खोलीत झाली. माझी पाळी आली तेव्हा मी ही हकीकत सांगितली, मोडक्यातोडक्या हिंदीत, रामशंकरकडे बघून. त्यांचे केस आता पिकले आहेत. पिंकी खाली बघत राहिली. रामशंकर म्हणाले, "इतने साल?"

वर्ग आता पिंकी घेते. मी शनिवारी जातो. दाराशेजारच्या भिंतीवर ताईंनी स्वतः ठोकलेले खिळे आहेत, दप्तरांसाठी, पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. मोठ्या माणसांसाठी त्यांनी एकही ठोकला नाही. मी आत आलो की वाकतो आणि दप्तरांच्या मध्ये जागा शोधून माझी पिशवी अडकवतो.