टीचर आणि जेरूची गिटार

टीचर कुठलाही जुना अ‍ॅम्प्लिफायर ऐकण्याआधी हुंगत. मागची फळी काढायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि आत नाक घालून एक लांब श्वास घ्यायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा नालासोपाऱ्याच्या एका भंगारवाल्याकडून उचललेला, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प माझ्यासोबत होता. ती जडशीळ पेटी रिक्षातून उतरवून मी धापा टाकत त्यांच्या ओटीवर ठेवली. त्यांनी मला 'बस' असंही म्हटलं नाही. आधी वास घेतला, मग म्हणाल्या, "हा बरीच वर्षं देवघराजवळ होता. कापूर येतोय. आणि आत उंदीर राहून गेलाय. प्लग लावलास का याला?"

मी नाही म्हटलं.

"वाचलास," त्या म्हणाल्या, आणि मग कुठे पाण्याचा तांब्या बाहेर आला.

भुईगावात केळीच्या वाडीला लागून त्यांचं बैठं घर होतं. एका हायस्कूलमध्ये त्यांनी भूगोल शिकवला होता, त्यामुळे अर्धं गाव त्यांना टीचर म्हणायचं आणि पाहता पाहता आम्हीही तेच म्हणू लागलो. मी मूळचा संगमेश्वराकडचा, बँकेतली नोकरी, वसईत फ्लॅट घेतलेला. कॉलेजात धरलेली गिटार संसारात सुटली होती. चाळिशी ओलांडल्यावर ती पुन्हा हातात आली, तीही जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या वेडासकट. हे वेड मला नायगावच्या सुहासमुळे लागलं. सुहास कंप्युटरमधला माणूस. कुठली गिटार कुठल्या साली, कुठल्या कारखान्यात झाली, तिचे स्क्रू चपटे की गोल, हे त्याला तोंडपाठ. नव्या टॉवरमधल्या त्याच्या हॉलमध्ये सोफा नव्हता, पण गिटारी होत्या. टीचरचा पत्ता त्यानंच दिला आणि वर बजावलं, "त्या बाई ओरडतात. मनावर घ्यायचं नाही."

त्या ओरडत नव्हत्या. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती, एवढंच. आम्हा दोन बाप्यांना त्या सरळ अरेतुरे करायच्या. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून त्या घरी आल्या की आम्ही हजर. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि ओटीवर पसरलेले पाने, पेचकस, तारा. घरच्या माणसांशी त्या वसईकडच्या खास, आम्हाला निम्मीच कळणाऱ्या बोलीत बोलायच्या आणि आमच्याकडे वळल्या की शाळेतलं स्वच्छ मराठी सुरू व्हायचं. आमच्याबद्दल त्यांच्या भावजयीशी काय बोलणं चालतं ते मात्र हसण्यावरून कळायचं.

वसईच्या खाऱ्या हवेत गिटार सांभाळणं म्हणजे लोणच्यात चांदी ठेवण्यासारखं आहे. तारा गंजतात, आतल्या सांध्यांवर हिरवट बुरशी धरते. टीचरनी त्यावर उपाय काढला होता. साड्यांच्या लोखंडी कपाटातल्या फळ्या काढून त्यात गिटारी उभ्या केल्या होत्या आणि तळाशी एक जुना पिवळा बल्ब कायम जळत ठेवला होता. त्या उबेत गिटारी खडखडीत राहायच्या. साड्या कुठे गेल्या, असं मी एकदा विचारलं. "पेटीत. साड्यांना काय गंज लागतो?" त्या म्हणाल्या.

जुन्या वस्तूंचा शौक असलेल्यांना एक खोड असते, आम्हालाही होती. वस्तूपेक्षा तिच्या जुनेपणाबद्दल बोलायचं. रंग मूळचा आहे का, बटणं मूळची आहेत का, पेटीवरचं कापड बदललंय का. टीचर थोडा वेळ ऐकून घ्यायच्या, मग म्हणायच्या, "जुनं आहे म्हणून चांगलं असं काही नसतं. मीसुद्धा जुनी आहे." त्यांचा नियम होता की ज्या गिटारीबद्दल बोलायचं, तिच्यावर आधी एक गाणं पूर्ण वाजवायचं. सुहासची इथे पंचाईत व्हायची. त्याला पन्नास गाण्यांचे सुरुवातीचे तुकडे येत होते आणि एकही गाणं शेवटपर्यंत येत नव्हतं. "सुरुवाती सगळ्यांना येतात," टीचर म्हणायच्या आणि त्याला पुढचे स्वर दाखवायच्या. एवढा शिकलेला गृहस्थ, पण खालमानेनं गिरवत बसायचा.

गिटार त्या शिकल्या ती भावाकडून. थोरला भाऊ जेरू. त्याचा बँड होता. वसईपासून आगाशीपर्यंतच्या लग्नांत वाजवायचा. कलकत्त्याच्या बनावटीची एक लाल इलेक्ट्रिक गिटार दोघांनी मिळून घेतली होती. त्याने बँडच्या कमाईतून, हिने शिकवण्या करून. लग्नाच्या मांडवात मुलीनं गिटार वाजवणं वडिलांना पसंत नव्हतं, पण जेरूनं काहीबाही सांगून त्यांना गप्प केलं आणि बहिणीला बँडमध्ये घेतलं. चार-पाच वर्षं दोघांनी मिळून वाजवलं. मग जेरूला आखातात नोकरी लागली आणि जाण्याच्या आदल्या आठवड्यात ती गिटार घरातून नाहीशी झाली. विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "दिली एकाला." कुणाला, का, काही नाही.

टीचरनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्या तारा कापत होत्या आणि कापतच राहिल्या. बरेच महिने त्यांनी भावाच्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पुढे सगळं सुरळीत झालं, तो सुट्टीवर यायचा, भाचीसाठी बाहुल्या आणायचा. पण गिटारचा विषय दोघांपैकी कुणीच पुन्हा काढला नाही. मग तिकडेच आजारपणात जेरू गेला. "विचारायचं राहूनच गेलं," त्या म्हणाल्या आणि मला पक्कड मागितली. त्यानंतर त्या जुन्या गिटारी का जमवत होत्या हे मी कधी विचारलं नाही. लाल गिटार कुठे दिसली की त्या आधी ती उलटी करून का बघतात, हेही नाही.

एका रविवारी सुहास हसतच आला. त्याच्या फोनवर कुणीतरी अर्नाळ्याच्या एका हळदीचा व्हिडिओ पाठवला होता. बेंजो पार्टी जोरात होती आणि पुढे एक दणकट माणूस गिटारीवर कोळीगीताची चाल वाजवत होता. गिटार डोक्यापासून पायापर्यंत निळी, होडीला लावतात तो ऑइलपेंट फासलेली. "बघा टीचर, काय दशा केलीये. आकारावरून कलकत्त्याची वाटते," सुहास म्हणाला.

टीचरनी फोन हातात घेतला. हसल्या नाहीत. चित्र थांबवून मोठं करायला सांगितलं. गिटारीच्या आवाजाच्या बटणाच्या जागी टूथपेस्टच्या ट्यूबचं पांढरं झाकण बसवलेलं होतं.

"ते मी लावलंय," त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी आम्ही सुहासच्या गाडीतून अर्नाळ्याला गेलो. वाटेत सुहास सारखा बोलत होता. रंग काढायचं कुठलं द्रव्य वापरावं, खालचा लाल कसा जपावा, त्याचा सगळा बेत तयार होता. गिटार त्या वाजवणाऱ्याची नव्हेच, हे त्याने धरूनच टाकलं होतं. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या पलीकडे घर सापडलं. माणसाचं नाव धर्मा. पन्नाशीचा, मासेमारी करायचा आणि लग्नसराईत वाजवायचा. टीचरनी आपलं नाव सांगितलं, मग भावाचं. धर्मा आत गेला, गिटार घेऊन आला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

"बाबा सांगून गेलाय," तो म्हणाला. "ही जेरूच्या भैनीची पन हाय. ती आली तं देऊन टाकायची. म्हनून कधी इकली नाय."

मग हळूहळू सगळं कळलं. समोरच्या बेटावरच्या लग्नांना जाताना बँडचं सामान धर्माच्या बापाच्या होडीतून जायचं, त्यातून जेरूशी दोस्ती. एकदा होडी ओढताना ती बापाच्या पायावर आली आणि पाय मोडला. समुद्रावर जाता येईना, माणूस घरात पडून राहिला, बोलेनासा झाला. परदेशी जाण्यापूर्वी जेरू भेटायला आला तो गिटार आणि लहानसा अ‍ॅम्प घेऊन. खाटेजवळ बसून त्याने दोन चाली शिकवल्या आणि गिटार तिथेच ठेवून गेला. बापाचा पाय पुरता बरा कधी झाला नाही, पण हळदीला वाजवून त्याने घर चालवलं आणि पोरालाही शिकवलं. निळा रंग त्यानेच दिला होता. होडीला द्यायचा तोच, म्हणजे खारं पानी लागणार नाय.

टीचर गिटार मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. त्या म्हणाल्या, "माझा भाऊ घाबरट होता. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याला ठाऊक होतं."

त्यांनी ट्यूबचं झाकण अंगठ्यानं एकदा फिरवलं.

"आणि मी नाहीच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी गिटार धर्माच्या हातात दिली आणि वाजव म्हणाल्या. त्याने वाजवलं. एक झालं, दुसरं झालं, घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. टीचरचा पाय ठेका धरत होता आणि डोळे वाहत होते, पण त्या पुसायच्या भानगडीत पडल्या नाहीत. निघताना धर्मा गिटार घेऊन पुन्हा पुढे आला. त्यांनी ती त्याच्याकडे परत सारली. वाजतेय ना, मग ती हरवली नव्हतीच, आपल्यालाच ठाऊक नव्हतं, असं काहीसं त्या म्हणाल्या. सुहास तोंड उघडणार होता. त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

त्याच्यावर खरा घाला पुढच्या रविवारी पडला. धर्माचा अ‍ॅम्प घरघरतो, हे टीचरच्या कानांनी टिपलं होतं. त्यांच्याकडे एक इंग्लिश बनावटीचा अ‍ॅम्प होता, ज्याच्यासाठी सुहास वर्षानुवर्षं मनातल्या मनात नवस बोलत होता. त्यांनी तो उघडला, झाडला, दोन व्हॉल्व्ह बदलले आणि सुहासलाच उचलायला लावून अर्नाळ्याला पोचवला. परतताना गाडीत तो एवढंच पुटपुटला, की त्या पेटीवर आता लोक हळदीचे हात पुसतील. "पुसू देत," टीचर म्हणाल्या.

धर्मानं आम्हाला त्याच्या पुतणीच्या हळदीला बोलावलं. आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो, पण टीचर आपली गिटार घेऊन आल्या होत्या. थोडा वेळ खुर्चीवर बसल्या, मग उठून बेंजोवाल्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि ताल धरून वाजवू लागल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गालाला कुणीतरी फासलेली हळद. धर्मानं त्यांच्याकडे बघून चाल चढी केली, त्याही मागे पडल्या नाहीत. नवरीच्या आज्या त्यांच्याभोवती नाचू लागल्या. इतकं मनापासून वाजवणं मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. सुहास अ‍ॅम्पचं दुःख विसरून टाळ्या वाजवत होता, त्याही बेताल.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. मुलगी न्यूझीलंडला, तिने बरीच मनधरणी केली, शेवटी टीचर तयार झाल्या. जाण्यापूर्वी कपाट रिकामं करायचं होतं. आमच्यासारखे शौकीन पालघरपासून ठाण्यापर्यंत टपलेले; पण त्यांनी एकेकाला ओटीवर बसवून वाजवायला लावलं आणि ज्याला जी आवडते ती नाही, तर ज्याच्या हातात जी बोलते ती दिली. माझा डोळा एका काळ्या जपानी गिटारीवर होता. मला मिळाली एक बारकी, तपकिरी, कुणी वळून बघणार नाही अशी. आज मी दुसरी कुठली वाजवत नाही. काळी एका नर्सबाईंना मिळाली. त्या वाजवतात तेव्हा मला राग येत नाही, एवढं मी शिकलो.

निरोपाच्या दिवशी टीचरनी घराला कुलूप लावलं, किल्ली भावजयीला दिली आणि आम्हाला शेवटचा दम भरला, की रविवार चुकवायचा नाही. आता जुनी लाकडं पुरे झाली, तिकडे नातवंडं आणि बाग, असंही म्हणाल्या.

आम्ही आता माझ्या फ्लॅटवर जमतो. सुहास, नर्सबाई, समुद्रावर नसला तर धर्मा. खालच्या मजल्यावरचे जोशी तक्रार करायला आले होते, ते आता बाजाची पेटी घेऊन येतात. मागच्या रविवारी आमचं चालू असताना टीचरचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. आमची खुशाली विचारण्याआधी त्यांनी आम्हाला गप्प बसवलं आणि पलीकडून गिटार ऐकू आली. फोनमधून आवाज फाटका येत होता, तरी गोड. गाणं पूर्ण झालं. तिथल्या चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली, त्या म्हणाल्या, मुलगी रागावलीय.

सुहास फोनवर जवळजवळ पडलाच. कुठल्या बनावटीची, साल कुठलं, मागे नंबर आहे का, रंग मूळचा आहे का.

"ते बघायला अजून वेळच झाला नाही रे," टीचर म्हणाल्या आणि पुढचं गाणं सुरू केलं.