गच्चीवरचं पाणी नाल्यात

आज तुमच्या घरात कुणी गेलं, तर त्याला शेवटची आंघोळ घालण्याइतकं पाणी तुमच्याकडे आहे?

आमच्याकडे नव्हतं. विश्रांतवाडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शमीमआपा गेल्या, त्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. नदीकाठची घरं रिकामी करायला सांगितलं होतं, आणि आमचे नळ कोरडे... पुराच्या गाळामुळे पुरवठा बंद, उन्हाळ्यात आटलेली बोअर अजून भरलेली नाही, टँकर तुंबलेल्या रस्त्यात अडकलेला. दफनाआधी मय्यतीला आंघोळ घालावी लागते. आपांच्या बहिणी रिकाम्या बादल्यांशेजारी बसून होत्या. शेवटी धाकटीने पातेली उचलली आणि गच्चीवर उघड्या आभाळाखाली मांडली. भरलेली पातेली उतरवायला जिन्यातले सगळे शेजारी लागले, सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा. आपांची आंघोळ पावसाच्या पाण्याने झाली.

आपा शाळेत भूगोल शिकवायच्या. मी कॉलेजपासून नदीबद्दल पत्रकं वाटत फिरते. एकदा त्यातलं एक पत्रक वाचून त्या म्हणाल्या, “छान आहे. आता नदीला कधी वाचून दाखवणार?”

मग मला गच्चीवर घेऊन गेल्या. पावसाचं पाणी जमिनीत जिरवतो म्हणून आमच्या सोसायटीला करात सवलत मिळते. त्यासाठी बिल्डरने गच्चीवरून पाइप उतरवलाय, वर पाटीही लावलीय. आपांनी रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग बादलीत कालवून त्या पाइपात ओतला. खाली येऊन, पाइप जिथे उतरायला हवा त्या शोषखड्ड्याचं झाकण उघडलं तर आत कोरडी माती आणि गुटख्याच्या पुड्या. गुलाबी पाणी कुंपणामागच्या नाल्यातून निघालं होतं.

सभेत आपांनी हे सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, “अहो मॅडम, सवलत मिळतेय ना? मग पाइपाला कशाला डिवचता?”

“पाइपाला नाही, तुम्हाला डिवचतेय.”

लोक हसले. विषय पुढच्या वर्षावर गेला. उतरताना आपा जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “महिन्याचा पाऊस आता एका दुपारी पडतो. तो धरला नाही, तर हे शहर पुरात उभं राहून तहानेने मरेल.” तेव्हा मला ते पत्रकातलं वाक्य वाटलं होतं.

आपांना जाऊन काही आठवडे झाले. परवाच्या सभेत पाइपाचं नावही निघालं नाही. जुन्याहून खोल नवी बोअर घ्यायचं मात्र ठरतंय. शेजारच्या सोसायटीने आधीच घेतलीय, तिच्या शेजारचीही घेणार आहे. खाली आहे ते सगळे ओढतायत, वरून पडतं ते सगळे सोडून देतायत... पाऊस लागला की आपांच्या बंद दाराबाहेर मला तो पाइप खळाळताना ऐकू येतो.

तुमच्याही इमारतीला असा पाइप असेल. या रविवारी गच्चीवर जा, त्यात बादलीभर रंगीत पाणी ओता आणि ते कुठे निघतं ते स्वतः बघा. नाल्यात निघालं, तर तो पाइप जमिनीकडे वळेपर्यंत नव्या बोअरसाठी हात वर करू नका.