आत्याने आणलेला कडू घास

आमच्या आत्याकडे प्रत्येक पदार्थाच्या नावाची गोष्ट तयार असायची. दह्यात भिजून ओला होतो म्हणून गिला वडा. पाटावर थापून वड्या पाडतात म्हणून पाटोडी. सांभारवडी खाताना इडलीबरोबरचं सांबार शोधणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांना ती सुनावायची, "आमी कोथिंबिरीलेच सांभार म्हनतो. तुमी काहीही म्हना!" खरं-खोटं तपासायच्या भानगडीत मी पडलो नाही. मला त्या गोष्टी आवडायच्या.

कडू घासाबद्दल मात्र मी तिला कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे माणूस गेला की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. दुसऱ्या घरून साधी झुणका-भाकर येते आणि अंत्यविधी आटोपल्यावर आणणारी बाई घरच्यांना पहिला घास भरवते. तोच कडू घास.

बाबा पहाटे गेले. अमरावतीच्या आमच्या फ्लॅटमध्ये शेजारी येऊन, हात जोडून, बसून गेले. डबा कुणीच आणला नाही. आईला शुगर आहे. तिचे हात थरथरायला लागले, तरी बाहेरचा घास आल्याशिवाय ती बिस्किटालाही शिवेना. मी घाबरलो होतो, आणि त्या रीतीवर भयंकर चिडलोही होतो.

दुपारी अकोल्याहून आत्या आली, हातात डबा घेऊनच. भावाच्या पायांवर तिने डोकं ठेवलं, पण रडली नाही. आम्ही स्मशानातून परतल्यावर तिने डबा उघडला आणि आईला घास भरवला, मग मला. झुणक्यात मीठ दोनदा पडलं होतं. आईने मुकाट्याने गिळलं.

"आत्या, याले कडू घास कावून म्हनतात?" मी विचारलं.

"मले नाई माईत, बाबू."

आई तिच्याकडे बघत होती. "तू काई खाल्लं का सकाळपासून?"

"मले कोन आनून देते, वैनी? मी लगन होऊन गेलेली. माह्या घरचं कोनी गेलं थोडीच."

ते ती अगदी साधेपणाने, हिशोब सांगावा तसं म्हणाली.

आईने भाकर मोडली, झुणका लावला आणि घास आत्याच्या तोंडाशी धरला. सुतकातल्या बाईने घास भरवायचा नसतो. आत्याने मान फिरवली.

"तुहा भाऊ गेला ना, बाई," आई म्हणाली. "खाय."