मांजरीचा दाखला
फिनेलचा वास आला की मला झरी गावचा गुरांचा दवाखाना आठवतो. धाकटी बहीण नवऱ्याकडे कुवेतला निघाली होती आणि मांजरीशिवाय जाणार नाही म्हणत होती. विमानाच्या तिकिटातच घर रिकामं झालेलं, म्हणून मांजर विमानात न्यायला लागणाऱ्या फुकटच्या सरकारी दाखल्यासाठी तिची टोपली मांडीवर घेऊन, एसटीत ओरबाडून घेत मीच गेलो. डॉक्टरांकडचा छापील फॉर्म बैलांचा होता. "शिंगं?" त्यांनी विचारलं. "सध्या तरी नाहीत," मी वैतागून म्हणालो. मग त्यांनी तिचं पोट चाचपलं. "गाभण हाय हो, मास्तर. अशीला प्रवासाचा दाखला देता येत न्हाई." बहीण रडत एकटीच गेली. जाताना "दादा, तिला जप" एवढंच म्हणाली. आईबद्दल चकार शब्द नाही. आज त्या मांजरीची कितवी तरी पिढी माझ्या खुर्चीत झोपलीय आणि मी हे जमिनीवर बसून लिहितोय.